अन्वयार्थी संशोधनाला त्याच्याच कसोट्या लावाव्यात

संपादक महोदय,

सामाजिक शास्त्रांतील संशोधनाच्या दर्जाविषयी आपल्या दैनिकात अलीकडे जी चर्चा झाली, तिच्यात एक मत वारंवार आणि ठामपणे मांडले गेले. राजकारण आणि समाज यांच्याविषयीचे विश्वासार्ह ज्ञान मोठ्या नमुन्याच्या पाहणीतून आणि आकडेवारीच्या विश्लेषणातूनच मिळते. पंचवीस-तीस माणसांमध्ये दीर्घकाळ वावरून त्यांच्या बोलण्यावागण्याचा अर्थ लावणारे लेखन वाचनीय असले तरी ते फार तर खऱ्या संशोधनाची पूर्वतयारी ठरते, असे ते मत आहे. मी राज्यशास्त्राचे अध्यापन केले आहे, पाहण्यांच्या आकडेवारीवर काम केले आहे आणि दोन्ही प्रकारच्या प्रबंधांचे परीक्षणही केले आहे. त्या आधारावर मला असे म्हणावयाचे आहे, की या मतामागची शंका रास्त असली तरी तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. माणसे आपल्या कृतींना आणि संस्थांना जो अर्थ देतात तो समजून घेणाऱ्या अन्वयार्थी संशोधनाला स्वतःच्या कसोट्या आहेत आणि त्या कडक आहेत. त्या बाजूला ठेवून परक्या कसोट्या लावल्या, की चांगले संशोधन नापास होते आणि सुमार संशोधन सहज सुटून जाते.

प्रथम त्या शंकेविषयी. पंचवीस माणसांच्या बोलण्यावरून लाखो माणसांबद्दल विधान कसे करता येईल, असे विचारले जाते. लाखोंपैकी किती जण अमुक मताचे आहेत हे सांगावयाचे असेल तर ते मुळीच करता येत नाही, आणि कोणी तसे केले असेल तर तो सरळसरळ दोष आहे. परंतु संशोधकाचा प्रश्न दर वेळी ‘किती जण’ असाच नसतो. निवडणुकीत किती टक्के लोकांनी मतदान केले, हा एक प्रश्न झाला. मतदान करताना आपण नेमके काय करत आहोत असे त्या लोकांना वाटते, म्हणजे हक्क बजावणे, एखाद्या नेत्याशी असलेली निष्ठा दाखवणे, नंतरचा त्रास टाळण्यासाठी हजेरी लावणे की या समाजात आपलीही गणना होते हे सिद्ध करणे, हा दुसरा प्रश्न झाला. पहिल्याचे उत्तर मोजणीने मिळते. दुसऱ्यात मात्र काय मोजायचे हेच आधी शोधावे लागते. आणि ते संशोधकाने आपल्या खोलीत बसून ठरवून टाकले, तर प्रश्नावलीतील पर्यायांमध्ये संशोधकाचे जग उतरते आणि उत्तर देणारा त्यातल्या त्यात जवळच्या चौकटीवर खूण करून मोकळा होतो.

हा मुद्दा कॅनडाचे तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात फार नेमकेपणाने मांडला आहे. मतदान, वाटाघाटी, करार अशा व्यवहारांचे अस्तित्वच सामायिक अर्थांवर अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सभेत हात वर करणे हे मत ठरते ते केवळ तो समाज त्या हालचालीला मत मानतो म्हणून. हा अर्थ एकेका व्यक्तीच्या मनात साठवलेले खासगी मत नसतो. तो त्या व्यवहारातच असतो. त्यामुळे हजार जणांची मते वेगवेगळी विचारून त्यांची बेरीज केली तरी तो हाती लागेलच असे नाही, कारण लोक ज्या गोष्टी गृहीत धरून मते बनवतात त्यांविषयी त्यांचे स्वतंत्र मत बहुधा नसतेच.

आकडेवारी अर्थनिर्णयापासून मुक्त असते, हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सांख्यिकी मानकांनुसार, संदर्भ आठवड्यात वेतनासाठी किंवा नफ्यासाठी एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात असल्याचे धरले जाते. देशादेशांतील तुलनेसाठी हा नियम उपयोगी आहे आणि त्याच्या बाजूने चांगली कारणे देता येतात. पण आठवड्यात एकच तास काम मिळालेली व्यक्ती स्वतःला काय समजते, तिचे कुटुंब तिला काय समजते आणि यावरून ती राजकारणात कोणाला जबाबदार धरते, हे त्या कोष्टकात नसते. रोजगार म्हणजे काय हे कोणीतरी आधी ठरवले, मगच मोजणी सुरू झाली. अन्वयार्थी संशोधक हा ठरवण्याचा क्षण उघड करून दाखवतो, आणि संख्याशास्त्राचे उत्तम जाणकारही त्याचे महत्त्व मानतात असा माझा अनुभव आहे.

यावर कोणी असे म्हणेल, की अर्थ समजून घेणे ठीक आहे, पण शास्त्राचे काम कारण शोधण्याचे आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी ही दोन कामे एकमेकांविरुद्ध उभी केली नव्हती. सामाजिक कृतीचा अर्थ समजून घेणारे आणि त्या आकलनाच्या द्वारे तिच्या वाटचालीचे व परिणामांचे कारण स्पष्ट करणारे शास्त्र, अशीच त्यांची समाजशास्त्राची व्याख्या आहे. अर्थ कळल्याखेरीज कारणही नीट कळत नाही, हे एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल.

सीरियात हाफिज अल-असद यांनी १९७० मध्ये सत्ता हाती घेतली आणि २००० मध्ये मृत्यू होईपर्यंत ती सोडली नाही. त्यांच्या अध्यक्षपदासाठी घेतल्या गेलेल्या सार्वमतांमध्ये ९९ टक्क्यांहून अधिक मते अनुकूल पडल्याचे जाहीर होत असे. अधिकृत भाषणांत आणि वृत्तपत्रांत त्यांचा जो गौरव चाले, त्यात ते देशातील अव्वल औषधनिर्माते असल्याचेही सांगितले जाई. यावर देशात कोणाचाच विश्वास नव्हता, सांगणाऱ्यांचाही नव्हता. मग ज्या गोष्टीवर कोणाचाच विश्वास नाही तिच्यावर राजवट एवढा पैसा आणि एवढे श्रम का खर्च करते, असा प्रश्न अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ लिसा वेडीन यांनी घेतला. येथे पाहणी करून काय हाती लागले असते? अध्यक्षांविषयी तुम्हाला आदर वाटतो का, या प्रश्नाला सार्वमतासारखेच उत्तर मिळाले असते, आणि ते उत्तर म्हणजे ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा होता तिचाच आणखी एक नमुना ठरला असता. वेडीन यांनी लोकांमध्ये राहून अधिकृत भाषणे, समारंभ, खासगीत सांगितले जाणारे विनोद, व्यंगचित्रे, चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका यांचा एकत्र विचार केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की राजवटीला लोकांचा विश्वास नकोच होता. विश्वास असल्यासारखे त्यांनी चारचौघांत वागावे, एवढे तिला पुरत होते. असे वागायला लावल्याने प्रत्येक जण त्या खोटेपणात सामील होतो, प्रत्येकाला आपल्या शेजाऱ्याचीही तीच अवस्था दिसते आणि राजवटीची ताकद दर वेळी बळ न वापरता सिद्ध होते. पण खोटेपणाची ही सामायिक जाणीवच विनोदाला आणि मर्यादित प्रतिकाराला जागाही करून देते.

या अभ्यासाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण अशा संशोधनाला खोटे ठरवता येत नाही हा आक्षेप येथे प्रत्यक्ष तपासता येतो. सत्ता टिकण्यामागे लोकांची मान्यता असते, हे स्पष्टीकरण तेव्हा उपलब्ध होते. ते खरे असते तर खासगी बोलण्यात गौरवाचे काही ना काही प्रतिबिंब दिसायला हवे होते. सत्ता केवळ दहशतीवर टिकते, असेही एक स्पष्टीकरण होते. ते पुरेसे असते तर एवढ्या खर्चिक समारंभांची गरज भासायला नको होती. हाती आलेल्या सामग्रीपुढे ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी पडतात, हे वाचकाला पायरीपायरीने दिसते, आणि ज्याला ते पटत नसेल त्याने वेगळी सामग्री आणून वाद घालावा, अशी वाट खुली राहते. प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणांना पुराव्यासमोर उभे करणे यालाच आपण इतर शास्त्रांत चाचणी म्हणतो.

आता माणसे कशी निवडली जातात याकडे वळतो. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ कॅथरिन क्रेमर या मूळच्या जनमताच्या अभ्यासक. पाहण्यांचे तंत्र त्या उत्तम जाणतात. २००७ पासून त्यांनी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील वीसहून अधिक वस्त्यांमध्ये, जेथे ओळखीची माणसे नियमितपणे जमून गप्पा मारतात अशा बैठकांना जाऊन बसण्यास सुरुवात केली आणि पुढील काही वर्षे त्या पुन्हा पुन्हा तेथे जात राहिल्या. सगळ्याच वस्त्या त्यांनी सोडतीने निवडल्या नव्हत्या, पण त्या सोयीच्या म्हणूनही घेतलेल्या नव्हत्या. राज्याचे निरनिराळे भाग आणि निरनिराळ्या प्रकारच्या वस्त्या त्यात याव्यात अशी काळजी त्यांनी घेतली. ग्रामीण भागात त्यांना जे ऐकू आले ते प्रश्नावलीत आधी कोणी लिहून ठेवलेले नव्हते. सत्ता, साधने आणि सन्मान हे तिन्ही शहरांकडे जातात आणि आपल्याकडे दुर्लक्ष होते, या जाणिवेतून ती माणसे करांपासून सरकारी नोकरांपर्यंतच्या सर्व विषयांकडे पाहत होती. म्हणूनच, सरकारी सेवांची गरज असलेली माणसे सरकारचा आकार कमी करणाऱ्या नेत्यांच्या मागे का जातात, हे कोडे क्रेमर यांना सोडवता आले. मला त्यांच्या कामातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती पुढची. लोकांची ही तक्रार वस्तुस्थितीला धरून आहे का, हे त्यांनी खर्चाच्या आकड्यांवरूनही तपासले, आणि ग्रामीण भागांना त्यांच्या वाट्यापेक्षा स्पष्टपणे कमी मिळते असे त्यांना आढळले नाही. तक्रार आकड्यांशी जुळत नाही म्हणून ती निरर्थक ठरली का? तसे झाले नाही. उलट संशोधनाचा प्रश्न अधिक धारदार झाला. या पद्धतीचे लोक आकड्यांना घाबरतात असे मानणाऱ्यांनी हा भाग आवर्जून वाचावा.

माणसे खोटे बोलतात, मग त्यांच्या बोलण्यावर ज्ञान कसे उभारायचे, हा आणखी एक आक्षेप. राज्यशास्त्रज्ञ ली ॲन फुजी यांनी आफ्रिकेतील रवांडात १९९४ च्या वंशसंहारानंतर दहा वर्षांनी क्षेत्रकार्य केले. ज्यांच्याशी त्या बोलत होत्या त्यांच्यात गुन्ह्याची कबुली दिलेले कैदी होते, नाकारणारे होते, वाचलेले होते आणि काही न पाहिल्याचे सांगणारे शेजारीही होते. फुजी यांनी त्याच व्यक्तींना पुन्हा पुन्हा भेटण्याचा मार्ग घेतला आणि अफवा, रचलेल्या हकिगती, नकार, बगल देणे आणि मौन यांची नोंद सांगितलेल्या माहितीइतक्याच काळजीने ठेवली. कोण कशाबद्दल खोटे बोलतो आणि कोणत्या प्रश्नावर गप्प होतो, यावरून आज त्या गावात काय बोलणे धोक्याचे आहे हे कळते, आणि ते कळल्यावर बाकीच्या कथनाचे वजन ठरवता येते. अशा छाननीतून त्यांनी दाखवले, की हत्येत सामील झालेल्यांपैकी अनेकांना ओढून नेणारी गोष्ट म्हणजे जुना वांशिक द्वेष ही नव्हती. स्थानिक नातीगोती आणि गटात एकत्र वावरण्याचा दाब यांनी ते काम केले होते. एकदाच भेटून भरून घेतलेल्या प्रश्नावलीत खोटे उत्तर हे खऱ्या उत्तरासारखेच नोंदले जाते, हे आपण विसरू नये.

संशोधक कोठे उभा आहे यावर त्याला काय दिसते हे अवलंबून असते, आणि चांगला संशोधक आपली जागा जाणीवपूर्वक बदलतो. तिमथी पचिरात या राज्यशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये अमेरिकेतील एका औद्योगिक कत्तलखान्यात पाच महिन्यांहून अधिक काळ कामगार म्हणून काम केले आणि तेथे ते वेगवेगळ्या जागांवर राहिले. प्रत्येक जागेवरून त्यांना वेगळे दिसले, आणि हिंसेचे काम समाजाच्याच काय, ते करणाऱ्या कामगारांच्याही नजरेआड कसे ठेवले जाते, हा त्यांचा विषय त्या जागाबदलातूनच उलगडला. ओळख लपवून केलेल्या अशा कामाचा नैतिक प्रश्न गंभीर आहे आणि त्यावर दुमत असू शकते; पण जागा बदलून पाहण्याची शिस्त मात्र शिकण्यासारखी आहे.

सर्वांत अवघड आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. दुसरा संशोधक त्याच ठिकाणी गेला आणि त्याला वेगळेच दिसले, तर? असे घडलेले आहे. मेक्सिकोतील तेपोझ्त्लान या गावाचा अभ्यास अमेरिकी मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट रेडफील्ड यांनी १९२६-२७ मध्ये केला आणि १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एकसंध, समाधानी जीवनाचे चित्र रेखाटले. दुसरे अमेरिकी मानवशास्त्रज्ञ ऑस्कर लुईस यांनी १९४३ पासून त्याच गावात काम केले आणि १९५१ मध्ये जे प्रसिद्ध केले त्यात दारिद्र्य, परस्परांवरील अविश्वास, मत्सर, गटबाजी आणि हिंसा होती. अनेकांनी यावरून असा निष्कर्ष काढला, की असले संशोधन म्हणजे लेखकाच्या स्वभावाचे प्रतिबिंब आहे. रेडफील्ड यांनी स्वतः १९५५ मध्ये याचे जे उत्तर दिले ते अतिशय प्रामाणिक आहे. आपल्या पुस्तकामागे, या लोकांना आनंद कशात वाटतो, हा न बोललेला प्रश्न होता आणि लुईस यांच्या पुस्तकामागे, या लोकांना दुःख कशाचे आहे, हा होता, असे त्यांनी म्हटले.

मला हे उत्तर पटते, पण ते पुरेसे वाटत नाही. प्रश्न वेगळा होता एवढे म्हणून थांबलो, तर कोणतेही दोन निष्कर्ष शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतील आणि वादाला जागाच उरणार नाही. दोन अभ्यासांमध्ये बरीच वर्षे गेली होती. लुईस यांच्याबरोबर मोठा चमू होता. जमीनधारणा, कुटुंबांची मिळकत आणि भांडणतंटे यांची जी सामग्री त्यांनी जमवली ती रेडफील्ड यांच्यापाशी नव्हती. त्यामुळे जेथे रेडफील्ड यांचे चित्र त्या सामग्रीपुढे टिकत नाही तेथे ते दुरुस्त झाले असेच म्हणावे लागेल. आणि जेथे ते गावातील सणसमारंभांचा व सहजीवनाचा अर्थ उलगडतात, तेथे लुईस यांच्या तक्त्यांनी ते खोडले जात नाही. दुसरा संशोधक गेल्यावर पहिल्याचेच उत्तर यावे, ही पुनरावृत्तीची कसोटी येथे चालत नाही, कारण गाव बदललेले असते, संशोधक वेगळा असतो आणि लोक त्याच्याशी वेगळे बोलतात. दुसऱ्याच्या कामामुळे पहिल्याच्या कामातील आंधळी जागा ओळखता यावी, ही कसोटी मात्र चालते, आणि त्यासाठी पहिल्याने आपण कोणाशी बोललो, कोणाशी बोललो नाही, कोणत्या प्रश्नाने सुरुवात केली आणि लोकांनी आपल्याला काय समजून दारात घेतले, हे स्पष्ट लिहून ठेवलेले असावे लागते.

या आत्मपरीक्षणाला हल्ली काही प्रबंधांत विधीचे स्वरूप आले आहे, हे मला खेदाने नमूद करावे लागते. पहिल्या प्रकरणात आपले लिंग, वर्ग आणि शिक्षण यांचा उल्लेख करणारा एक परिच्छेद येतो आणि पुढील दोनशे पानांत त्याचा कोठेही संबंध लागत नाही. आपल्या स्थानामुळे अमुक घरात प्रवेश मिळाला नाही, म्हणून अमुक निष्कर्ष कच्चा आहे, असे लिहिले असेल तरच त्या परिच्छेदाला किंमत आहे.

राज्यशास्त्रात हा वाद नवा नाही. १९९४ मध्ये गॅरी किंग, रॉबर्ट कोहेन आणि सिडनी व्हर्बा या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी, संख्यात्मक आणि गुणात्मक संशोधनामागे अनुमानाचे एकच तर्कशास्त्र आहे, असे प्रतिपादन केले. त्यांचा हेतू गुणात्मक संशोधनाला मदत करण्याचा होता आणि त्यांच्या काही सूचना खरोखर उपयुक्त आहेत. पण निरीक्षणांची संख्या वाढवा हा सल्ला अर्थाच्या अभ्यासाला लागू केला, की एका घटनेत खोल उतरण्याऐवजी अनेक घटनांना वरवर स्पर्श करण्याकडे कल होतो. २००० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञांमध्ये एक निनावी ईमेल फिरले. एकाच पद्धतीच्या वर्चस्वाविरुद्धचा असंतोष त्यातून संघटित झाला आणि ‘पेरेस्त्रोइका’ (रशियन भाषेत पुनर्रचना) या नावाने ती चळवळ ओळखली गेली. त्या व्यवसायातील मुख्य संघटनेने २००३ मध्ये एक नवे नियतकालिक सुरू केले, त्यामागेही या दबावाचा वाटा होता.

त्यानंतरचा वाद पारदर्शकतेचा आहे आणि तो अजून संपलेला नाही. राज्यशास्त्राच्या अनेक नियतकालिकांच्या संपादकांनी २०१४ मध्ये संयुक्त निवेदन काढून, लेखकांनी आपली मूळ सामग्री इतरांना उपलब्ध करून द्यावी, असे धोरण स्वीकारले. संख्यात्मक संशोधनात हे स्वागतार्ह आहे. त्यामुळे चुका सापडतात आणि बनावट काम उघडे पडते. पण मुलाखतींच्या नोंदी आणि ध्वनिमुद्रणे यांच्या बाबतीत हाच नियम सरसकट लावला तर काय होऊ शकते, याचे उदाहरण त्याआधीच घडले होते. बोस्टन कॉलेजने २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघटनांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. बोलणारी व्यक्ती हयात असेपर्यंत त्या उघड होणार नाहीत, असे आश्वासन होते. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांना एका जुन्या खुनाच्या तपासासाठी हव्या म्हणून त्या मागवण्यात आल्या, न्यायालयीन लढाईनंतर काही ध्वनिमुद्रणे पोलिसांच्या हाती गेली आणि २०१४ मध्ये त्या तपासात सिन फेन या आयरिश पक्षाचे तत्कालीन नेते गेरी ॲडम्स यांना अटक करून चौकशी करण्यात आली. पुढे त्यांना आरोप न ठेवता सोडण्यात आले. त्या खुनाच्या तपासाचे महत्त्व मी नाकारत नाही, पीडित कुटुंबाचा हक्क तर मुळीच नाकारत नाही. पण पाळता येईलच अशी खात्री नसलेले आश्वासन संशोधकाने देऊ नये, आणि माणसाचा जीव धोक्यात घालणारी सामग्री केवळ नियतकालिकाच्या नियमासाठी संग्रहात ठेवण्याची सक्ती कोणी करू नये, एवढा धडा त्यातून घ्यावाच लागतो. अन्वयार्थी संशोधनातील पारदर्शकता म्हणजे निष्कर्षापर्यंतची वाट वाचकाला दिसणे. कोणती नोंद केव्हा लिहिली, कोणत्या टप्प्यावर आपले मत बदलले, कोणता पुरावा शेवटपर्यंत बसत नव्हता, हे लेखनात असले, की नावे आणि ध्वनिफिती उघड न करताही कामाची पारख होऊ शकते.

आता विद्यापीठांविषयी, कारण नुकसान प्रत्यक्षात तेथे होते. संशोधन आराखड्याच्या छापील अर्जात गृहीतके (म्हणजे आधीच मांडलेली, तपासायची विधाने), चल (म्हणजे मोजायचे बदलते घटक) आणि नमुन्याचा आकार असे ठरलेले रकाने असतात, आणि विद्यार्थी कोणत्याही पद्धतीने काम करणार असला तरी त्याला ते भरावेच लागतात. लोकांचा अर्थ काय आहे हे शोधायला निघालेल्या विद्यार्थ्याला तो अर्थ काय निघेल हे निघण्यापूर्वीच लिहून द्यावे लागते. मग तो एक गृहीतक रचतो आणि प्रबंधाच्या शेवटी ते ‘सिद्ध झाले’ असे लिहितो. या पद्धतीत तर्क वेगळ्या वाटेने चालतो. काही तरी अनपेक्षित दिसते, ते कशामुळे सहज समजण्याजोगे होईल याचा अंदाज बांधला जातो, तो अंदाज घेऊन संशोधक पुन्हा लोकांकडे जातो आणि तो फसला तर दुसरा बांधतो. अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी अनुमानाच्या या प्रकाराला निगमन (सामान्य नियमावरून विशिष्टाकडे जाणे) आणि विगमन (अनेक उदाहरणांवरून सामान्य नियमाकडे जाणे) यांच्या बरोबरीने स्थान दिले होते. आराखड्यात गृहीतकाऐवजी, कोणते कोडे सोडवायचे आहे, कोठे आणि कोणामध्ये राहून, कोणत्या भाषेत, आणि सुरुवातीची समजूत चुकीची असल्याचे कशावरून कळेल, एवढे लिहून घेतले तर विद्यार्थ्याची शिस्त कमी होणार नाही, वाढेल.

याहून वाईट प्रकार मला परीक्षक म्हणून दिसला आहे. तीस जणांच्या मोकळ्या मुलाखती घ्यायच्या आणि मग ‘६० टक्के उत्तरदात्यांच्या मते’ असे तक्ते करायचे. तिसातील अठरा जण म्हणजे साठ टक्के हे गणित बरोबर आहे. पण ते तीस जण कोणाचेच प्रातिनिधिक नाहीत, त्यामुळे त्या टक्केवारीला अर्थ नाही, आणि त्या तिसांपैकी प्रत्येकाने तास-दीड तास जे सांगितले ते तक्त्यात हरवून गेले आहे. असा प्रबंध आकडे आहेत म्हणून शास्त्रीय ठरतो आणि सहज मान्य होतो. त्याच वेळी, बारा कुटुंबांमध्ये दीर्घकाळ वावरून, आपल्या अंदाजाविरुद्ध गेलेल्या दोन कुटुंबांवर संपूर्ण प्रकरण लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला मौखिक परीक्षेत ‘नमुना फारच लहान आहे’ असे ऐकावे लागते. त्या दोन कुटुंबांविषयी तिला एकही प्रश्न विचारला जात नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

अन्वयार्थी पद्धतीच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. विस्कॉन्सिनमधील गप्पांवरून सर्व अमेरिकेतील ग्रामीण मतदारांविषयी निवाडा देणारे लेख पुढे बरेच लिहिले गेले. तो भार त्या अभ्यासाला पेलणारा नाही. एखादी जाणीव किती पसरली आहे, ती वाढते आहे की ओसरते आहे, हे सांगायला पाहणीच लागते, आणि पाहणीत काय विचारावे हे कळायला बहुधा आधी कोणी तरी जाऊन ऐकलेले असावे लागते. ‘मी फक्त अर्थ लावतो आहे’ असे म्हणून जो संशोधक प्रतिस्पर्धी अर्थाचा विचारच करत नाही, आपल्या आवडीच्या चार उद्गारांवर प्रकरण उभारतो आणि विरोधी उद्गार वहीतच ठेवतो, त्याचे काम परत पाठवले पाहिजे. त्याला सहानुभूतीने सोडून देणारे परीक्षक या पद्धतीचे तिच्या टीकाकारांहून अधिक नुकसान करतात.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. एखाद्या पाहणीची बातमी देताना आपण नमुन्याचा आकार, कालावधी आणि पाहणी करणाऱ्या संस्थेचे नाव छापता, आणि ते योग्यच आहे. लोकांमध्ये राहून केलेल्या अभ्यासाची बातमी मात्र बहुतेक वेळा दोन चटकदार उद्गारांवर संपते. अशा बातमीतही संशोधक तेथे किती काळ होता, त्याच माणसांना पुन्हा भेटला का, त्यांच्या भाषेत बोलला की दुभाष्यामार्फत, प्रवेश कोणाच्या ओळखीने मिळाला आणि कोणाचे म्हणणे त्याला ऐकता आले नाही, एवढी माहिती चार ओळींत द्यावी. ती संशोधकाकडे मागितली, की त्याच्यापाशी ती आहे की नाही हेही आपल्या वार्ताहराला लगेच कळेल.

कळावे,

आपला विश्वासू,
राज्यशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक